शेक संपल्यानंतरचं दुखणं : उपकेंद्रातल्या एका सिस्टरला उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमच्या उपकेंद्रात बीपीच्या गोळ्यांना येणारी 42 वर्षांची बाई. पिशवीच्या (गर्भाशयाच्या) तोंडाचा कॅन्सर, नागपूरला किरणोपचाराचे 25 शेक, सोबत आठवड्याला एकदा सलाईनमधून औषध, शेवटी आतून शेक. सगळं संपून पाच महिने झाले. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे. आणि परवा गोळ्या पदराला बांधता बांधता ती तुम्हाला म्हणाली, "सिस्टर, मालक छपरीत झोपतात, मी पोरीजवळ. एकदा जवळ आले तं रक्त गेलं. मंग दोघंही भेलो." तुम्ही 26 वर्षांच्या, लग्न व्हायचंय, तुम्हाला काही बोलणं सुचलं नाही. आता विचारताय, यात नर्सनं काय करायचं, की सरळ मोठ्या दवाखान्यात पाठवायचं?

पाठवायचं आहेच, आणि आधी पाठवायचं. संबंधानंतर रक्त जाणं हे शेकानं नाजूक झालेल्या कातडीमुळे असू शकतं, पुष्कळदा तेच असतं. पण आजार शिल्लक असला किंवा परत आला तरी पहिलं लक्षण हेच असू शकतं. उपकेंद्रात बसून यातला फरक ना तुम्हाला कळेल ना मला. तेव्हा पुढच्या फॉलोअपची तारीख महिनाभर लांब असेल तर तिची वाट पाहू नका. जिथं शेक झाला तिथं लवकर पाठवा आणि चिठ्ठीवर "बीपी कंट्रोलमध्ये" एवढंच न लिहिता "संबंधानंतर रक्तस्राव, आतून तपासणी व्हावी" असं स्पष्ट लिहा. ती स्वतः डॉक्टरांसमोर हे बोलणार नाही. बोलली असती तर तुमच्याकडे पदराला गाठ मारताना बोलली नसती.

पण तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. रक्ताचं कारण साधं निघालं आणि ती परत गावात आली, की पुढची दोन वर्षं ती तुमच्यासमोर आहे, नागपूरच्या डॉक्टरांसमोर नाही. तेव्हाचं काम तुमचं. त्याबद्दल मी माझ्या कामातून सांगते. मी 27 वर्षं नर्सिंगमध्ये आहे, त्यातली निम्मी किरणोपचार विभागात गेली, आता एका ग्रामीण रुग्णालयात आहे.

आधी माझी चूक सांगते. विभागात असताना सुटी होणाऱ्या बायांना शेवटच्या दिवशी आम्ही एका रांगेत बसवायचो. दहा-बारा जणी, कुणाची सासू सोबत, कुणाचा दीर गाडी लावून खाली उभा. मी उभ्या उभ्या सांगायची : पाणी भरपूर प्या, शेकलेल्या जागेला साबण लावू नका, आणि "घरच्या संबंधांबद्दल या कागदात लिहिलं आहे." कागद वाटून मोकळी. एका बाईला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक होतं, तरी दिला. ती दोन वर्षांनी आली. डॉक्टरांनी तपासायला घेतलं तर आतून तपासायचं छोटं साधन, स्पेक्युलमसुद्धा जाईना, बोट अर्ध्या पेराच्या पुढे जाईना. शेवटी भूल देऊन तपासावं लागलं. आजार नव्हता, पण आहे की नाही हे पाहायला भूल द्यावी लागली. तिला मी विचारलं, कागद कुठाय? म्हणाली, "ठेवला ना. धान्याच्या कोठीवर चिटकवला, तुमचं नाव होतं त्याच्यावर."

तेव्हापासून मी हा विषय नवरा-बायकोच्या सुखापासून सुरू करत नाही, तपासणीपासून करते. तुम्हीही तसंच करा. शेकानंतर योनीमार्गाच्या भिंतींचा रक्तपुरवठा कमी होतो, ओलावा देणाऱ्या ग्रंथी सुकतात, भिंत पातळ होते आणि हळूहळू तिथं ताठर, दोऱ्यासारखे पट्टे तयार होतात. वरच्या बाजूला समोरासमोरच्या भिंती एकमेकींना चिकटूही शकतात. हे मुख्यतः पहिल्या वर्षात होतं, आणि तिचा नवरा छपरीत झोपो नाहीतर आत झोपो, होऊ शकतं. जागा बंद झाली की डॉक्टरांना आतलं दिसत नाही. पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी असते, नंतर पाच वर्षांपर्यंत साधारण सहा महिन्यांनी. एवढ्या वर्षांच्या तपासण्यांसाठी ती वाट मोकळी राहायला हवी. हे कारण सासूलाही सांगता येतं, नवऱ्यालाही, आणि बाईला स्वतःलाही लाज वाटत नाही. एकदा "तपासणीसाठी" म्हणून दार उघडलं की बाकीचं ती आपणहून विचारते. माझा अनुभव असा आहे की तिसऱ्या भेटीत विचारते.

दुसरीही एक गोष्ट झालेली असते, तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. ओटीपोटावरच्या शेकानं अंडाशयांचं काम थांबतं. म्हणजे 42 व्या वर्षी एका फटक्यात पाळी गेली. अंगातून वाफा, रात्री घाम, झोप नाही, चिडचिड, कोरडेपणा, इच्छाच न होणं, हे सगळं "कॅन्सरचं टेन्शन" नसतं, हार्मोन गेल्याचं असतं. गावात त्याचा अर्थ भलताच लावतात. "पाळी बंद झाली म्हणजे घाण आतच साचून राहिली" असं म्हणून कुणी काढा देतं, कुणी डेटॉलच्या पाण्यानं आतून धुवायला सांगतं. डेटॉल आणि शेकलेली कातडी, विचार करा. तिला पहिल्यांदा हेच विचारा, की खाली कशानं धुता? साध्या पाण्यानं, आणि फक्त बाहेरून. एवढ्या एका बदलानं निम्मी आग कमी झालेल्या बाया मी पाहिल्या आहेत. हार्मोनच्या गोळ्या किंवा आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम यांबद्दल तिनं डॉक्टरांना विचारायलाच हवं. पिशवीच्या तोंडाचे बहुतेक कॅन्सर हार्मोनवर पोसणारे नसतात, त्यामुळे तिला ते चालण्याची शक्यता बरीच आहे. स्तनाच्या कॅन्सरचं गणित उलटं असतं, म्हणून एकीचं क्रीम दुसरीला कधी देऊ नका. आपल्याकडे बाया औषधं उसनी देतात, साखरेसारखी.

आता बोलायचं कसं. तुम्हाला वाटतंय की लग्न झालेलं नाही म्हणून अडलं. मला दोन मुलं झाल्यावरही पहिली पाच वर्षं बोलता येत नव्हतं. वाक्य पाठ करून ठेवा, लाज वाक्याच्या आड लपते. माझं वाक्य असं : "ताई, शेक घेतल्यावर लय बायांले जवळ येतानी दुखते, कोरडं पडते. तुमाले असं काही होते का?" यात तीन गोष्टी आहेत. पुष्कळ बायांना होतं म्हटल्यानं ती एकटी राहत नाही. "दुखते" म्हटल्यानं हा आजारपणाचा विषय होतो, चावटपणाचा नाही. आणि शेवटी प्रश्न आहे, म्हणजे तिला नाही म्हणायची मोकळीक आहे. विचारून झालं की गप्प बसा. दहा-पंधरा सेकंद फार लांब वाटतात, पण बसा. मी त्या वेळी बीपीचा पट्टा गुंडाळत बसते. हात कामात असले आणि नजर खाली असली की बाई बोलते. मात्र बीपी आधी मोजून घ्या, नाहीतर या प्रश्नानंतर वरचा आकडा असा चढतो की विनाकारण गोळी वाढते.

अमेरिकन मानसतज्ज्ञ जॅक ॲनन यांनी 1976 मध्ये लैंगिक अडचणींवरच्या मदतीच्या चार पायऱ्या मांडल्या : बोलायची परवानगी देणं, नेमकी थोडकी माहिती देणं, ठोस सूचना करणं आणि शेवटी सखोल उपचार. नर्सिंगमध्ये आजही त्या शिकवतात. चौथी पायरी आपली नाही. पहिल्या दोन पूर्णपणे तुमच्या आहेत, तिसरी डॉक्टरांच्या तपासणीनंतर तुमची. बहुतेक बायांचं काम तिसरीवर भागतं, कित्येकींचं तर पहिलीवरच.

एक सावधगिरी आपल्या गावांची. आशाताई त्याच गावची सून असते. तुमच्या पेशंटची ती जाऊ किंवा नणंदेची जाऊ निघू शकते. ती बाई बोलत असताना आशाताईंना गोड बोलून बाहेरच्या कामाला लावा, आणि रजिस्टरमध्ये "समुपदेशन केले" याच्या पुढे काही लिहू नका.

आता डायलेटर. हे गुळगुळीत प्लास्टिकचं किंवा सिलिकॉनचं, बोटापासून वाढत्या जाडीचं साधन असतं. शेक संपल्यावर आतली सूज ओसरली, साधारण महिना-दीड महिना झाला, की सुरू करतात. तुमच्या बाईचे पाच महिने गेलेत आणि रक्तही गेलंय, म्हणून तिनं डॉक्टरांनी आतून पाहिल्याशिवाय काही घालायचं नाही. आधीच चिकटलं असेल तर घरी जोर लावून फाटेल. डायलेटरनं अरुंद होणं नक्की टळतं हे ठामपणे सिद्ध करणारे मोठे प्रयोग झालेले नाहीत, सल्ला मुख्यतः निरीक्षणांवरून आलेला आहे. मी तो तरीही देते, कारण वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या दोन्ही बाया मी तपासणीच्या टेबलावर पाहिल्या आहेत.

पद्धत साधी. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी पाच-दहा मिनिटं. साबणानं धुतलेलं, पाण्यात विरघळणारी जेली लावलेलं, सगळ्यात बारीक मापापासून. सावकाश आत, जिथं अडेल तिथं थांबायचं, दीर्घ श्वास सोडायचा, हलकेच फिरवायचं. गुलाबीसर डाग पडला तर घाबरायचं नाही. लाल ताजं रक्त आलं तर थांबायचं आणि कळवायचं. किमान वर्षभर, आणि पुढे किती ते तिचे डॉक्टर सांगतील.

कागदावर हे एवढंच असतं. खरी अडचण ही, की दोन खोल्यांच्या घरात ती हे करणार कुठं? पुस्तकात लिहिलेलं असतं, पलंगावर पाठीवर निजून, खोलीचं दार लावून. कोणती खोली? मी त्यांना न्हाणीत करायला सांगते. आंघोळीचं गरम पाणी अंगावर घेतल्यावर स्नायू तसेही सैल झालेले असतात. उभ्यानं, एक पाय आंघोळीच्या पाटावर किंवा उलट्या बादलीवर ठेवून, एका हातानं भिंत धरून. न्हाणीला दाराऐवजी पोत्याचा पडदा असेल तर दुपारी, सगळे वावरात गेल्यावर. ठेवायचं स्वच्छ कपड्यात गुंडाळून, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, डबा उंचावर. उंचावर अशासाठी, की एका आजीच्या नातवानं तो डबा काढून डायलेटरची आगगाडी केली होती, आणि सोयाबीनच्या मळणीला आलेल्या माणसांसमोर अंगणात फिरवली. आजी मला सांगताना स्वतःच हसत होती, म्हणून मी तुम्हाला सांगते आहे.

डायलेटर तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळत नाही असं धरूनच चाला. किरणोपचार विभागात मागायचं, पुष्कळ ठिकाणी देतात. तोपर्यंत डॉक्टरांची हरकत नसेल तर तिचं स्वतःचं, नख कापलेलं स्वच्छ बोट चालतं. मेणबत्ती, लाटण्याचं टोक असलं काही नाही, हे मुद्दाम सांगा, कारण कुणी ना कुणी सुचवतंच. जेली गावातल्या मेडिकलमधून ती आणणार नाही, दुकानदार तिच्या चुलतदिराच्या मित्राचा मित्र असतो. तुम्ही महिन्याच्या मीटिंगला जाल तेव्हा आणून ठेवा. खोबरेल तेल बऱ्याच जणी वापरतात. निरोध वापरत नसतील तर माझी हरकत नसते. निरोध असेल तर तेल नको, रबर कमजोर होतं. व्हॅसलीन, तूप, सुगंधी तेल आत नको.

नवऱ्याचं काय? इथं परिस्थितीनुसार उत्तर बदलतं आणि घाईनं मत करू नका. छपरीत झोपणारा नवरा रागावलेला असू शकतो, घाबरलेला असू शकतो, दुसरीकडे जात असू शकतो, किंवा काळजीनं लांब झोपत असू शकतो. माझ्याकडे एक भाऊ यायचे, कापूसवाले, बायकोचे शेक चालू असताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज कोळशानं एक रेघ मारायचे, 25 रेघा होईपर्यंत. नंतर सहा महिने त्यांनी बायकोला हात लावला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तिले दुखन ना, बाई. एवढं सोसलं तिनं." बायको दुसऱ्या खोलीत बसून मला सांगत होती, की माझ्या अंगाचा वास येत असेल म्हणून ते येत नाहीत. दोघांना समोरासमोर बसवून मी एकच वाक्य बोलले, "भाऊ, आता जे मला सांगितलं ते यांना सांगा." आणि चहा आणायला उठले.

नवऱ्यांच्या भीती ठरलेल्या आहेत, त्यांची उत्तरं तयार ठेवा. कॅन्सर संबंधातून लागत नाही. शेकाची किरणं अंगात राहत नाहीत. बाहेरचा शेक मशीन बंद झालं की संपतो, आतून दिलेल्या शेकाचं साधनही काढून घेतलेलं असतं. आता तिसरी, जी मोठ्यानं कुणी बोलत नाही : "हा विषाणूचा कॅन्सर आहे म्हणतात, मग तिला आला कुठून?" इथं जपून. हा कॅन्सर बहुतांशी एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि तो संबंधातून पसरतो, हे खरं आहे, लपवू नका. पण लगेच पुढचं सांगा : संबंध असलेल्या बहुतेक सगळ्या स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधीतरी होऊन जातो, बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, आणि ज्या थोड्या जणींत राहतो त्यांना कॅन्सर व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. कुणाकडून कुणाला, हे कोणालाच सांगता येत नाही. हे पहिलं वाक्य बोलून दुसरं विसरलात तर त्या घरात आग लागेल. मी लागलेली पाहिली आहे.

परत जवळ यायचं ठरलं तर नियम थोडे. घाई नाही, आधी नुसतं जवळ झोपणं, हात फिरवणं, आणि तेवढ्यावर थांबायचं हे दोघांनी आधी ठरवलेलं. लघवी करून यायचं, शेकानं पिशवीखालची मूत्राशयाची जागाही चिडलेली असते. जेली दोघांनीही लावायची. मार्ग आखूड झालेला असतो म्हणून बाई वर किंवा दोघं कुशीवर, म्हणजे किती खोल ते तिच्या ताब्यात राहतं. निंदणाच्या, वेचणीच्या दिवसांत रात्री तिच्यात जीव नसतो, तर पहाटे, नाहीतर नाही. आणि तिला यातलं काहीच नको असेल तर तेही ठीक आहे. तपासणीपुरती वाट मोकळी ठेवायची, बाकी तिची मर्जी. आपण तिला नवऱ्यासाठी दुरुस्त करून देत नाही आहोत, हे मनात पक्कं असू द्या, नाहीतर बोलण्यात उतरतं.

नवरा जबरदस्ती करत असेल तर वरचे सगळे सल्ले बाजूला. डायलेटरचं बोलूच नका, आधी ती सुरक्षित आहे का ते पाहा. महिला हेल्पलाइन 181 तिला तोंडपाठ करून द्या, कागदावर लिहून देऊ नका. आणि मन फार खचलेलं दिसलं, झोप-जेवण गेलं, मरणाचं बोलायला लागली, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, मराठीत बोलता येतं, तुमच्या फोनवरून लावून द्या.

लगेच पाठवायची लक्षणं तर तुम्हाला माहीत असतीलच, तरी लिहिते : वारंवार किंवा भरपूर रक्त, घाण वासाचं पाणी जाणं, लघवी आपोआप सतत गळत राहणं, योनीमार्गातून शी येणं, लघवी-संडासातून रक्त, एका पायाला सूज, कमरेत न थांबणारं दुखणं. सतत लघवी गळणाऱ्या बाईला "वय झालं" म्हणून कुणी घरी बसवून ठेवलेलं असतं, तिला शोधून काढा. भाड्याचं कारण सांगतील. मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, सोबतच्या पुरुषाचं पूर्ण. म्हणून सोबतीला बाईच पाठवा, बोलणंही मोकळं होतं.

बाकी कॅन्सरचे प्रश्न वेगळे, थोडक्यात सांगते. स्तन काढलेल्या बाईला दुखण्यापेक्षा आरशाचा आणि ब्लाउजचा प्रश्न असतो, आणि हार्मोन दाबणाऱ्या गोळ्यांनी कोरडेपणा येतो. तिला जेली चालते, इस्ट्रोजेन डॉक्टरांना विचारूनच. खर्ऱ्यानं (तंबाखू-सुपारीनं) तोंडाचा कॅन्सर झालेले पुरुष आपल्या भागात गल्लोगल्ली आहेत. तोंड उघडत नाही, लाळ गळते, वास येतो, तो स्वतःच बायकोकडे पाठ करून झोपतो. त्यांना जेवणाचं विचारता तसं हेही विचारा. आणि प्रोस्टेटच्या किंवा आतड्याच्या ऑपरेशननंतर ताठरता गेलेले पुरुष मेडिकलमधून गोळी घेऊन येतात. हृदयाची, जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी चालू असेल तर ती ताठरतेची गोळी जीव घेऊ शकते. तेवढं एक नक्की विचारा.

तुमची बाई पुढच्या महिन्यात गोळ्यांना येईल, पण रक्ताचं आहे म्हणून तोवर थांबू नका. उद्याच एखाद्या निमित्तानं बोलावून घ्या, बीपी परत मोजायचं म्हणून सांगा. दुपारी दोननंतर, लसीकरणाचा दिवस सोडून. तिचं स्टूल टेबलाच्या समोर न ठेवता बाजूला ठेवा. चिठ्ठी आधीच लिहून ठेवा. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला कळवा, मग पुढचं बोलू.